लक्ष लागत नाही, तेव्हा आधी रात्री फोन कुठे असतो ते पाहा

१६ वर्षांच्या एका मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पूर्वी सलग दीड-दोन तास अभ्यासाला बसत असे, आता दहा मिनिटांत उठते. वाचलेले डोक्यात राहत नाही, अशी तिची स्वतःचीच तक्रार आहे. रात्री ती फोन घेऊन अंथरुणात पडते आणि सकाळी हाका मारमारून उठवावी लागते. फोनमधली निळा प्रकाश कमी करणारी सोय महिनाभर चालू ठेवूनही काही फरक पडलेला नाही. तिची एकाग्रता कायमची बिघडली आहे का, आणि फोन काढून घ्यावा का, असे त्यांना विचारायचे आहे.

विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या आणि झोपेच्या तक्रारी ऐकण्याचे काम मी बावीस वर्षे करते आहे. ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मी पहिला प्रश्न अभ्यासाबद्दल विचारत नाही. रात्री तुझा फोन कुठे असतो, एवढेच विचारते. उशीखाली, उशाशी, गादी आणि भिंत यांच्या फटीत, कधी थेट छातीवर, अशी उत्तरे येतात. दिवसभरात फोन किती तास वापरला या आकड्यापेक्षा मला या उत्तरातून जास्त कळते, कारण त्या आकड्यात अभ्यासाचा व्हिडिओ, मैत्रिणीशी झालेले बोलणे आणि निरर्थक चाळत राहणे हे सगळे एकत्र मिसळलेले असते. आईंच्या प्रश्नात लक्ष आणि झोप अशा दोन तक्रारी दिसतात, पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती एकच तक्रार असते आणि तिची सुरुवात रात्री होते.

आधी वयाबद्दल सांगते, कारण मुलांना उगाच आळशी ठरवले जाते. वयात येताना शरीराचे घड्याळ खरोखरच उशिराने चालू लागते. रात्री झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा स्रवू लागते, शिवाय दिवसभर जागे राहिल्याने साठत जाणारा झोपेचा दाबही लहान मुलांपेक्षा सावकाश वाढतो. म्हणून नऊ वाजता पेंगणारे मूल पंधराव्या वर्षी अकरा वाजता टक्क जागे असते. झोपेची गरज मात्र त्या प्रमाणात घटत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयोगटासाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. शाळेची वेळ ठरलेली आणि झोप येण्याची वेळ पुढे सरकलेली, अशा कात्रीत हे मूल फोन नसतानाही सापडलेलेच असते. त्याच्याकडे गमावण्यासाठी अर्धा तासही शिल्लक नसतो, आणि फोन नेमका त्याच अर्ध्या तासावर हक्क सांगतो.

आता निळ्या प्रकाशाबद्दल. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे मुख्य काम दृश्य दाखवण्याचे नसून बाहेर उजेड आहे की अंधार, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचे असते. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि असा उजेड मिळत राहिला की मेलाटोनिन स्रवायला उशीर होतो. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांना ओळीने पाच रात्री झोपण्यापूर्वी सुमारे चार तास उजळ पडद्यावर आणि वेगळ्या पाच रात्री छापील पुस्तकातून वाचायला लावले होते. पडद्यावर वाचल्यानंतर त्यांचे शारीरिक घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही: अंधूक खोलीत, पूर्ण उजेडाचा पडदा चार तास डोळ्यांसमोर ठेवूनही झोप लागायला जास्तीचा वेळ लागला तो सरासरी दहा मिनिटांचा. तुमच्या मुलीची झोप दहा मिनिटांनी कमी झालेली नाही. म्हणूनच पडदा पिवळसर करून फरक पडला नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. रंग बदलला तरी पडद्यावर येणारा मजकूर तोच राहतो आणि हातातला फोन हातातच राहतो.

मग झोप जाते कुठे? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या एका अभ्यासात मिळाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ११ ते १४ वर्षांच्या ७९ मुलांना तोंडी विचारण्यावर संशोधक थांबले नाहीत, तर मुलांच्या छातीवर छोटा कॅमेरा लावला आणि खोलीत अंधारात टिपणारा दुसरा कॅमेरा ठेवला. झोपण्याआधीच्या दोन तासांत पडदा पाहिल्याने त्या रात्रीच्या झोपेवर फारसा परिणाम दिसला नाही. अंथरुणात शिरल्यावर हातात घेतलेल्या पडद्याने मात्र झोप स्पष्टपणे कमी केली, आणि नुसते पाहण्यापेक्षा गेम खेळणे किंवा एकाच वेळी दोन-तीन गोष्टी करणे जास्त महागात पडले. कारण साधे आहे: अंथरुणातला फोनचा प्रत्येक मिनिट झोपेच्या खात्यातून वजा होतो. दिवाणखान्यात बसून पाहिलेला फोन अभ्यासाचा, गप्पांचा किंवा कंटाळ्याचा वेळ खातो, पण अंथरुणात झोपेखेरीज खाण्यासारखे दुसरे काही उरलेले नसते.

शिवाय फोनला शेवट नसतो. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो, आणि त्या संपण्याच्या क्षणी ‘आता झोपावे’ हा विचार मनात शिरायला फट मिळते. एकामागून एक आपोआप सरकत येणाऱ्या व्हिडिओंमध्ये ही फट मुद्दामच बुजवलेली असते. त्यातही प्रत्येक व्हिडिओ आवडणारा नसतो, चार नीरस आल्यावर पाचवा एकदम रंगतो, आणि बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की बोट सर्वांत चिकाटीने चालू राहते. असे अनिश्चित बक्षीस सवय किती घट्ट करते, हे वर्तनशास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. तेव्हा तुमच्या मुलीचा निग्रह कमी पडतो असे म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्या की रात्री अकरा वाजता, दिवसभराच्या श्रमाने ती थकलेली असताना, तिची गाठ अशा वस्तूशी पडते जिची रचनाच तिला जागे ठेवण्यासाठी केलेली आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला मी आठवडाभर रात्रीची वही लिहायला सांगितले होते. उठल्यावर आठवेल तेवढेच लिहायचे, खोटे लिहायचे नाही, एवढाच नियम. त्याच्या एका पानावर असे होते: ११ वाजून ५ मिनिटांनी दिवा बंद केला. सव्वाअकराला गजर लावायला फोन हातात घेतला. गजर लावताना वर्गाच्या गटात आलेले संदेश दिसले, उत्तर दिले. उत्तराला उत्तर येते का, हे पाहायला फोन पालथा न ठेवता सरळ ठेवला. मध्ये कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यानंतरची ओळ थेट १२ वाजून ५० मिनिटांची होती आणि तिच्यापुढे त्याने लिहिले होते, ‘डोळे दुखले म्हणून ठेवला.’ त्या पानाकडे आम्ही दोघे बराच वेळ पाहत होतो. तो दीड तास फोन पाहण्यासाठी जागा राहिला नव्हता, तो गजर लावायला गेला होता. तेव्हापासून गजर फोनवर लावू नये, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते.

उशिरा झोपून शाळेसाठी ठरलेल्या वेळी उठले की झोपेचा शेवटचा भाग कापला जातो. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप अधिक असते आणि पहाटेच्या भागात स्वप्नांची झोप अधिक असते. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम या दोन्ही टप्प्यांमध्ये चालते. वाचलेले राहत नाही, ही तक्रार म्हणूनच मला फक्त वाचण्याच्या वेळची वाटत नाही. वाचताना ते डोक्यात गेलेले असू शकते, पण ते मुरायला जी रात्र हवी होती ती अर्धीच मिळाली.

याहून घातक गोष्ट म्हणजे अपुऱ्या झोपेचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याला तो कळत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग १४ रात्री चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत राहिली आणि दोन आठवड्यांच्या शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. आपल्याला किती झोप येते आहे याबद्दलचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसा बदललाच नाही. मुलगी ‘मला काही झोप कमी पडत नाही’ असे म्हणाली, तर ती खोटे बोलत नाही. तिला खरोखरच तसे वाटते. तिच्याशी वाद घालू नका, पण तिच्या या वाटण्यावर निर्णयही सोपवू नका.

झोपेची बाजू इतकी लांबवली, कारण ती सावरल्याशिवाय दिवसाच्या लक्षावर केलेले उपाय टिकताना मी पाहिलेले नाहीत. तरी फोनचा दिवसाही स्वतंत्र परिणाम होतोच. मन एका कामातून दुसऱ्याकडे वळले की पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो. गणित सोडवताना मध्येच संदेश वाचला, तर वाचायला दहा सेकंद लागतात, पण परत आल्यावर ‘मी कोणती पायरी करत होते’ हे जुळवायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि पुढच्या दोन ओळी लिहिताना मन अजून त्या संदेशातच असते. २०१५ मधल्या एका प्रयोगात तर असे दिसले की फोन हातात न घेता नुसती सूचना आल्याचा आवाज किंवा थरथर जाणवली, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. कोणाचा असेल, काय असेल, हा विचारच पुरेसा होतो.

२०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन सांगितले की आवाज बंद करून पालथा ठेवलेला फोनही नुसत्या अस्तित्वाने बुद्धीचा काही भाग अडवून ठेवतो. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांची कामगिरी सर्वांत चांगली, आणि ज्यांचा समोर मेजावर होता त्यांची सर्वांत कमी. नंतर इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी तसाच निष्कर्ष निघाला नाही, म्हणून मी तो मुलांना नियम म्हणून सांगत नाही. त्याऐवजी त्यांना स्वतःवरच पाहायला लावते.

ती पद्धत अशी आहे. अभ्यासाला बसताना वहीशेजारी एक कोरा कागद ठेवायचा. फोन हाताशी असू द्यायचा, पण घ्यायचा नाही. जेव्हा जेव्हा मन फोनकडे जाईल, हात नुसता वळवळेल, तेव्हा कागदावर एक उभी रेघ ओढायची आणि परत पुस्तकात पाहायचे. अर्ध्या तासाने रेघा मोजायच्या. दुसऱ्या दिवशी तेच करायचे, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एका मुलीने मला असे दोन कागद आणून दाखवले. पहिल्यावर पाच-पाचच्या जुड्या बांधत गेलेल्या रेघांनी अर्धे पान भरले होते, आणि गंमत म्हणजे त्या अर्ध्या तासात फोन एकदाही वाजलेला नव्हता. दुसऱ्या कागदावर सुरुवातीला दाट रेघा होत्या, मग विरळ झाल्या, आणि शेवटी काहीच नव्हते. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, ‘म्हणजे तो मला बोलवत नाही, मीच त्याच्याकडे जाते.’ दहा व्याख्याने देऊन मला जे साधले नसते ते त्या कागदाने साधले.

एकाग्रता कायमची बिघडली आहे का, या प्रश्नावर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते केवळ धीर देण्यासाठी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत १५-१६ वर्षांच्या अडीच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची दोन वर्षे पाहणी करून असे आढळले की डिजिटल माध्यमांचा वारंवार वापर करणाऱ्यांमध्ये लक्ष विचलित होण्याची आणि अति-चंचलतेची लक्षणे पुढे थोड्या जास्त प्रमाणात दिसतात. हा संबंध खरा आहे, पण तो लहान आहे, आणि अशा पाहणीतून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही. ज्याचे मन मुळातच चंचल आहे तो फोनकडे अधिक ओढला जातो, हेही तितकेच खरे असू शकते. मला प्रत्यक्षात जे दिसते ते वेगळे आहे: कठीण ओळ पुन्हा वाचण्याचा, न सुटणाऱ्या उदाहरणासमोर पाच मिनिटे अस्वस्थ बसून राहण्याचा सराव मोडलेला असतो, कारण अस्वस्थ वाटताच हाताशी सुटका तयार असते. सराव मोडला म्हणजे क्षमता गेली असे होत नाही. महिनाभर न पळलेल्या मुलाला धाप लागते, तसेच हे आहे.

आता करायचे काय, ते सांगते. रात्रीसाठी एकच बदल करा, पण तो पक्का करा: फोनचा चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर न्या. फक्त मुलीचा नाही, घरातल्या सगळ्यांचा. हा माझा हट्ट समजा. आई-वडिलांच्या उशाशी फोन आणि मुलीचा बाहेर, अशी व्यवस्था मी एकाही घरात टिकलेली पाहिलेली नाही. २०१६ मध्ये सव्वा लाखांहून अधिक मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले होते. त्यात फोनसारखी उपकरणे झोपण्याच्या वेळी न वापरता नुसती हाताशी असलेल्या मुलांतही अपुऱ्या झोपेचे प्रमाण जास्त आढळले. म्हणून ‘ठेवते जवळ, पण बघत नाही’ ही तडजोड मान्य करू नका. सकाळसाठी गजराचे साधे घड्याळ आणा. मैत्रिणींना ‘साडेदहानंतर माझा फोन माझ्याजवळ नसतो’ असे तिने स्वतः एकदा सांगून टाकावे, कारण या वयात उत्तर न दिल्याने कुणी दुरावेल ही भीती खरी असते, आणि आधी सांगून ठेवले की ती बरीच ओसरते.

पहिल्या काही रात्री तिला झोप येणार नाही. त्यामुळे उपाय चुकला असे समजू नका. इतके दिवस अंथरूण म्हणजे फोन, असे तिच्या शरीराने जोडून घेतले आहे. निद्रानाशाच्या उपचारात १९७० च्या दशकापासून वापरले जाणारे तत्त्व इथे उपयोगी पडते: अंथरूण झोपेसाठीच राखायचे, आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत करायचे, छापील काही वाचायचे, डोळे जड झाल्यावरच परत यायचे. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी उठायचे आणि उठल्यावर लवकर उघड्यावरच्या उजेडात जायचे, कारण रात्रीचा उजेड झोपेची वेळ उशिरावर ढकलतो, तर सकाळचा उजेड ती अलीकडे आणतो. सुट्टीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू देऊ नका. दुपारपर्यंत झोपून आठवड्याची भरपाई केली की पुन्हा रात्री झोप लागत नाही आणि पुढचा आठवडा आणखी बिघडलेला सुरू होतो.

अभ्यासासाठी सुरुवातीला वीस मिनिटांची बैठक पुरे. फोन दुसऱ्या खोलीत, आणि बैठक संपल्यावरच्या पाच मिनिटांतही तो घ्यायचा नाही. उठून चालावे, पाणी प्यावे, खिडकीत उभे राहावे. विश्रांतीत फोन घेतला तर मन अभ्यासापासूनच नव्हे, विश्रांतीपासूनही दूर जाते. अभ्यासाचे साहित्य फोनवरच येत असेल, तर त्या दिवशीचे प्रश्न आधी कागदावर उतरवून घ्यावेत आणि मग बसावे. रेघांचा कागद आठवडाभर चालू ठेवावा.

फोन काढून घ्यावा का? माझे मत विरोधात आहे. हिसकावून घेतलेला फोन मुले दुसऱ्या वाटेने मिळवतात आणि त्यानंतर ती तुम्हाला काही सांगेनाशी होतात. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या ३० शाळांच्या अभ्यासात असे दिसले की शाळेत फोनवर बंदी असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांचा एकूण वापर, झोप आणि मनःस्वास्थ्य यांत लक्षणीय फरक नव्हता. शाळेतल्या तासांत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता. बंदी फोनला काही तास दूर ठेवते, पण रात्री फोन कुठे राहील हे घरानेच ठरवावे लागते, आणि ते तिच्यासोबत बसून ठरवलेले असावे.

काही गोष्टींसाठी मात्र डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नका. ती मोठ्याने घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, पुरेशी झोपूनही दिवसा पेंगत असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन काढून घेत असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, किंवा लक्ष न लागण्याची तक्रार फोन हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून, अगदी लहानपणापासून असेल, तर केवळ फोनवर खापर फोडणे धोक्याचे ठरेल. रात्री येणाऱ्या संदेशांमुळे ती घाबरून जागी राहते आहे का, हेही एकदा शांतपणे विचारा. माझ्याकडे आलेल्या काही मुली व्हिडिओंसाठी जाग्या नव्हत्या. कुणीतरी त्यांना छळत होते आणि पुढचा संदेश काय येईल या धास्तीने त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. अशा वेळी फोन बाहेर ठेवायला सांगण्याआधी तिच्या बाजूने उभे राहावे लागते.

बदल दिसायला दोन ते तीन आठवडे द्या आणि तोवर गुणांवरून काही मोजू नका, ते सर्वांत शेवटी हलतात. त्याऐवजी तिला उठवायला सकाळी किती हाका माराव्या लागल्या, हे रोज एका कागदावर लिहून ठेवा. तो आकडा सर्वांत आधी उतरू लागतो.